श्रीक्षेत्र बासर : गोदाकाठच्या एका गावाचा भूगोल व मूलभूत माहिती

प्रास्ताविक

हैदराबादेतील मराठी घरांत मूल चार-पाच वर्षांचे झाले की अक्षरारंभाचा विषय निघतो आणि त्याबरोबरच बासरचे नाव निघते. माघ महिना जवळ आला की आमच्या कार्यालयातही विचारणा सुरू होते. गाव किती दूर आहे, गाडी कोणती सोयीची, मुक्काम करावा की त्याच दिवशी परतावे, असे प्रश्न भाविक विचारतात. त्यांतच एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो, तो म्हणजे, "बासर नेमके कोणत्या राज्यात आहे? महाराष्ट्रात ना?"

बासर तेलंगणा राज्यात आहे. परंतु एवढ्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, असा आमचा अनुभव आहे. आमच्या मंडळींतील काही वयोवृद्ध सभासद आजही "आमच्या नांदेड जिल्ह्यातले बासर" असेच म्हणतात, आणि त्यांच्या तरुणपणाच्या हिशेबाने ते चुकीचेही नाही. श्रीसरस्वतीच्या स्थानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या गावात ते स्थान आहे, त्या गावाची नदी, जमीन, सीमा आणि माणसे यांची माहिती मात्र मराठीत एकत्र सहसा आढळत नाही. ती उणीव काही अंशी दूर व्हावी, या हेतूने आम्ही पुढील माहिती संकलित केली आहे.

स्थान व सीमा

बासर हे गाव गोदावरीच्या उत्तर, म्हणजे डाव्या तीरावर वसले आहे. ते तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यातील बासर मंडलाचे मुख्य ठिकाण आहे. नदीच्या पलीकडच्या, दक्षिण तीरावर निजामाबाद जिल्हा लागतो. पश्चिमेस थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द असून नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे रेल्वेने अगदी पुढचे मोठे स्थानक आहे. उत्तरेस मुधोळ व त्यापुढे भैंसा ही बाजाराची गावे आहेत. हैदराबादहून बासरचे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे, तर निजामाबादहून ते ३०-३५ किलोमीटर भरते.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. वर उल्लेखिलेले मुधोळ म्हणजे कर्नाटकातील, घोरपडे संस्थानिकांचे मुधोळ नव्हे. दोन्ही गावांच्या नामसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.

नद्या व संगम

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड अशी मजल करीत महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर येते. तिच्या एकूण १४६५ किलोमीटरांच्या प्रवासात तेलंगणाचे पहिले दर्शन कंदकुर्ती येथे होते. निजामाबाद जिल्ह्यातील हे गाव बासरच्या वरच्या अंगाला आहे. येथे गोदावरीस मांजरा नदी मिळते. हरिद्रा ही तिसरी नदी धरून या स्थानास त्रिवेणी संगम म्हणतात. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या घराण्याचे मूळ गावही कंदकुर्तीच होय.

मांजरेचा मार्ग पाहण्याजोगा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात निघालेली ही नदी लातूर व बिदरकडून तेलंगणात उतरते, मेदकच्या परिसरात वळण घेते आणि उलट उत्तरेकडे वाहत येऊन गोदावरीस मिळते. तिची लांबी ७२४ किलोमीटर आहे. १९३१ साली पूर्ण झालेले निजामसागर धरण याच नदीवर आहे. हैदराबाद शहराने कित्येक दशके पिण्याचे पाणी मांजरेवरील बंधारा व सिंगूर जलाशय यांतून घेतले. तेव्हा बासरच्या घाटावर उभे राहणाऱ्या हैदराबादकराने समोरच्या पाण्याशी आपली ओळख जुनी आहे, हे ध्यानी घ्यावे.

जमीन, हवामान व पिके

दख्खनच्या पठाराचा काळा कातळ या परिसरात संपत जातो आणि तेलंगणाचा ग्रॅनाइट सुरू होतो. म्हणूनच मराठवाड्याकडून येणाऱ्या प्रवाशास येथे प्रथमच मोठमोठ्या गोल शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसू लागतात. बासरच्या टेकडीवरील गुहा व शिळा या त्याच जातीच्या आहेत. शेतजमीन मात्र बव्हंशी काळी आहे. आपण जिला रेगूर म्हणतो तिला तेलुगू शेतकरी रेगडि म्हणतात.

पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, जून ते सप्टेंबर या काळातला. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. थंडी बेताची असते. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व हरभरा ही या भागातील परिचित पिके होत. नदीपलीकडील निजामाबाद परिसर हळदीसाठी प्रसिद्ध आहे, भैंसा येथे कापसाचा व्यापार व सरकी काढण्याच्या जिनिंग गिरण्या आहेत, आणि धर्माबादची लाल मिरचीची बाजारपेठ तर सर्वश्रुत आहे. सभोवतालच्या शेतकऱ्याचा माल कोणत्या राज्यात विकला जाईल, हे पुष्कळदा त्या दिवशीच्या भावावर ठरते.

गावाचे नाव व देवस्थान

परंपरा अशी की, भारतीय युद्धानंतर मनःशांतीच्या शोधात निघालेले महर्षी व्यास शिष्यांसह दंडकारण्यात गोदातीरी आले. नित्य स्नानानंतर ते तीन मुठी वाळू आणून ठेवीत. त्या वाळूतून सरस्वती, लक्ष्मी व महाकाली यांच्या मूर्ती साकारल्या. व्यासांच्या वास्तव्यामुळे गावास व्यासर, पुढे वासर व शेवटी बासर हे नाव पडले, असे सांगतात. शेवटच्या रूपावर या भागातील मराठी बोलीचा परिणाम झाला, असेही मानले जाते. हा सर्व श्रद्धेचा व परंपरेचा भाग असून आम्ही तो त्याच नात्याने येथे नोंदवीत आहोत.

देवस्थानाचा कारभार तेलंगणा शासनाच्या देवदाय खात्याच्या अखत्यारीत चालतो. मंदिर आकाराने साधेच आहे. देवीच्या अंगावरील हळदीचा लेप प्रसाद म्हणून दिला जातो. गावात मधुकरी मागून अनुष्ठान करणारे साधक आजही दिसतात. गावाभोवती आठ तीर्थे सांगितली जातात.

भारतात सरस्वतीची दोनच मंदिरे असून त्यांतील एक बासर, असे विधान पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते बरोबर नाही. तामिळनाडूत कूत्तनूर येथे सरस्वतीचे जुने मंदिर आहे, शृंगेरीस शारदेचे पीठ आहे, आणि हैदराबादच्या उत्तरेस वर्गल येथेही अलीकडच्या काळात सरस्वतीचे मंदिर उभे राहिले आहे. बासरचे माहात्म्य मोठे असल्याने त्यास अशा विधानाची गरज नाही.

एका घराचे चार पत्ते

आता भाविकांच्या त्या नेहमीच्या प्रश्नाकडे वळू.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात मोडत असे व बासर त्या तालुक्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, तरी जिल्हा तोच राहिला. राज्यपुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्याने हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. नांदेड जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. मात्र त्या जिल्ह्यातील पाच महसुली मंडळे कायद्याने नावे घेऊन वगळली होती. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल, आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर अशी ती पाच होत. ही मंडळे १ नोव्हेंबर १९५६ पासून आंध्र प्रदेशात आली आणि बासर आदिलाबाद जिल्ह्यात दाखल झाले. धर्माबाद मात्र नांदेडकडेच राहिले.

पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य स्थापन झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्यांची फेररचना होऊन निर्मल जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच वर्षी मुधोळ मंडलातून बासर हे वेगळे मंडल झाले. (तेलंगणातील मंडल म्हणजे तालुक्याहून लहान प्रशासकीय घटक. एकत्रित आंध्र प्रदेशात ही पद्धत १९८५ साली सुरू झाली. महाराष्ट्रातील महसुली मंडळाशी त्याची गल्लत करू नये.)

याचा अर्थ असा की, १९५० च्या आधी बासर येथे जन्मलेला मनुष्य आपल्या घराचा उंबरठा न सोडता पाळीपाळीने नांदेड जिल्हा, हैदराबाद राज्य. आदिलाबाद जिल्हा, आंध्र प्रदेश. आदिलाबाद जिल्हा, तेलंगणा. आणि निर्मल जिल्हा, तेलंगणा अशा चार पत्त्यांवर राहिला आहे.

जुन्या कागदपत्रांविषयी

हा केवळ इतिहासाचा भाग आहे, असे कोणी समजू नये. आमच्या एका वृद्ध सभासदांना काही वर्षांपूर्वी जन्मस्थानाचा पुरावा हवा होता. त्यांचा जन्म बासरजवळच्या एका खेड्यातला. एका कार्यालयात त्यांना सांगण्यात आले की, हे गाव आमच्या जिल्ह्यात नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगण्यात आले की, तेव्हा ते आमच्या जिल्ह्यात नव्हते. दोन्ही उत्तरे खरी होती आणि दोन्ही ऐकून ते रिकाम्या हाताने परतले. अखेर घरातील एका जुन्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या वडिलांच्या शेतीचा उर्दूतील कागद सापडला. त्यावर गावाचे नाव होते व "फसली १३५१" असा सन होता. घरात उर्दू वाचणारे कोणी उरले नव्हते. शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी तो वाचून दाखविला, तेव्हा सभासदांचे डोळे भरून आले. आपल्या वडिलांचे नाव त्यांनी त्या लिपीत प्रथमच पाहिले होते.

अशा कुटुंबांच्या उपयोगासाठी तीन गोष्टी नमूद करतो. पहिली गोष्ट अशी की, १९५६ पूर्वीच्या कागदांत या गावांचा उल्लेख "तालुका मुधोळ, जिल्हा नांदेड" असा शोधावा. दुसरी म्हणजे, निजामकालीन महसुली कागद बहुधा उर्दूत असतात, म्हणून कळत नाहीत या कारणास्तव ते टाकून देऊ नयेत. तिसरी, कागदावरील फसली सनात सुमारे ५९० मिळविले असता इसवी सन येतो. त्यानुसार फसली १३५१ म्हणजे इ. स. १९४१-४२ होय.

गोदावरीचे पाणी

बासरच्या घाटावर दिसणारे पाणी हे वाहत्या नदीचे असते, तसेच धरणाच्या फुगवट्याचेही असते. खालच्या अंगास पोचमपाड येथील श्रीरामसागर प्रकल्पाची कोनशिला पंडित नेहरू यांच्या हस्ते २६ जुलै १९६३ रोजी बसविण्यात आली. या जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १०९१ फूट असून जलाशय भरला म्हणजे पाण्याचा फुगवटा बासरच्याही वर, महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत पोहोचतो. या जलाशयाने उत्तर तेलंगणाची लक्षावधी एकर शेती भिजविली. त्याच पाण्याखाली काठावरच्या अनेक गावांच्या जमिनीही गेल्या. मूळची ११२ अब्ज घनफुटांची साठवणक्षमता पुढे गाळामुळे बरीच घटली आहे.

वरच्या अंगास, नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात महाराष्ट्राने बाभळी येथे बंधारा बांधला. श्रीरामसागर धरणापासून तो ८१ किलोमीटर वर आहे. त्याची क्षमता २.७४ अब्ज घनफूट आहे. यावरून दोन्ही राज्यांत वाद निर्माण झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला व २८ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचा निकाल लागला. बंधाऱ्यास मान्यता मिळाली. मात्र १ जुलै ते २८ ऑक्टोबर या पावसाळी काळात त्याच्या दारांनी पाणी अडवू नये, तसेच दरवर्षी १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, असे ठरले. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्य समिती नेमण्यात आली.

आमच्या मंडळींत धर्माबादकडचे शेतकरी आहेत, तसेच निजामाबादकडचेही आहेत. पावसाळाभर दारे उघडी ठेवून आम्ही साठवायचे काय, असे वरचा म्हणतो. वर अडविले तर आमच्या धरणात यायचे काय, असे खालचा म्हणतो. दोघेही एकाच पंगतीस बसतात. कोणाचा न्याय अधिक, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्या उघड्या पडून पाणी दूर सरकलेले पाहणाऱ्या भाविकाने या व्यवस्थेची माहिती ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.

लोक, भाषा व सणवार

गावाची मुख्य भाषा तेलुगू आहे. त्याबरोबर मराठी व दखनी उर्दूही कानी पडते. धर्माबाद, बिलोलीकडील घराण्यांच्या सोयरिकी या बाजूस आहेत आणि या बाजूच्या लेकी तिकडे नांदतात. सुट्टीत आजोळी जाणारी मुले राज्याची सीमा ओलांडतात, याची त्यांना कल्पनाही नसते. २०१८ च्या सुमारास धर्माबाद भागातील काही गावांनी आम्हांस तेलंगणात घ्यावे अशी मागणी केल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेथील सोयीसुविधांकडे व शेतीविषयक योजनांकडे पाहून ती मागणी झाली होती.

सणांच्या बाबतीत दोन्ही समाज फार जवळचे आहेत. दोघांचेही महिने अमावास्येस संपतात व शालिवाहन शकाची गणना समान आहे. म्हणून आपला गुढीपाडवा आणि तेलुगू उगादि एकाच दिवशी येतात. दसऱ्यास आपल्याकडे पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजन करतात, तर तेलुगू मंडळी नवरात्रातील मूळ नक्षत्राचा दिवस सरस्वतीचा मानतात. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिकला सिंहस्थ भरतो, त्याच योगावर तेलुगू प्रदेशात गोदावरी पुष्करम् साजरे होते. २०१५ साली १४ जुलैपासून बासर व कंदकुर्ती येथे पुष्कर स्नानास मोठी गर्दी झाली होती, आणि त्याच दिवशी नाशिकला सिंहस्थाचे ध्वजारोहण झाले होते. नदी एक, योग एक, नावे मात्र दोन.

शिक्षण

सरस्वतीच्या गावी २००८ साली एक आधुनिक विद्यापीठही आले. राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ हे त्याचे नाव असून लोक त्यास "बासर ट्रिपल आयटी" म्हणतात. दहावीनंतर थेट प्रवेश, सहा वर्षांचा निवासी अभियांत्रिकी अभ्यासक्रम व ग्रामीण भागातील हुशार मुलांना प्राधान्य, हे त्याचे स्वरूप आहे. गावात अक्षरे गिरविणारी बालके व पदवी घेऊन निघणारे अभियंते एकाच स्थानकावर गाडीची वाट पाहताना दिसतात.

दळणवळण

सिकंदराबाद–मनमाड हा लोहमार्ग १९०१ पर्यंत निजामाच्या राज्यात टाकला गेला. बासर त्यावरील स्थानक आहे. निजामाबादकडून येताना गाडी गोदावरीचा पूल ओलांडून थेट बासरला पोहोचते. काचीगुडा व सिकंदराबाद येथून नांदेड-मनमाडकडे जाणाऱ्या अनेक गाड्या येथे थांबतात. निजामाबाद, भैंसा व निर्मलहून बसची सोय आहे. निर्मल हे लाकडी खेळणी व चित्रांच्या कलेसाठी प्रसिद्ध असून सवड असल्यास तेही पाहावे.

भाविकांसाठी सूचना

१. वसंत पंचमी, नवरात्र व व्यासपौर्णिमा या दिवशी अतिशय गर्दी असते. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी शक्यतो अन्य दिवस निवडावा.
२. नदीपात्रात पाण्याची खोली एकसारखी नसते व जलाशयाच्या स्थितीनुसार ती बदलते. घाट सोडून स्नान करू नये, मुलांचा हात सोडू नये.
३. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या व जुने कपडे पात्रात टाकू नयेत. हेच पाणी खाली शेतीस व पिण्यास जाते.
४. अक्षरारंभासाठी पाटी सोबत न्यावी. मुलाचे पहिले अक्षर आपल्या मातृभाषेत व्हावे अशी इच्छा असल्यास तसे पुरोहितांना आरंभीच सांगावे.

समारोप

आम्ही दरवर्षी बासरला जातो. परतताना कोणाला तरी पलीकडच्या गावातील नातलगांचा निरोप द्यायचा असतो, कोणाला धर्माबादची मिरची हवी असते, कोणी वृद्ध सभासद स्थानकावरच्या पाटीवरील गावाचे नाव तिन्ही लिप्यांत सावकाश वाचत उभे असतात. आपणही पुढील खेपेस दर्शनानंतर तासभर काढून घाटावरून नदीकडे, शेतांकडे व गावाकडे पाहावे. बासर कोणत्या राज्यात, असे आपल्या मुलाने विचारले, तर त्यास उत्तराबरोबर ही सारी हकीकतही सांगावी.

वरील माहितीत काही दुरुस्ती अथवा भर सुचवावयाची असल्यास, तसेच १९५६ पूर्वीची या परिसरातील कागदपत्रे आपल्या घरी असल्यास, कार्यालयास अवश्य कळवावे, ही नम्र विनंती.

— चिटणीस, विश्वस्त मंडळाच्या वतीने